परवा म्हणजे कोणता वार

अहेरीला नोकरीला गेले तेव्हा पत्र कसं लिहायचं हे मला कोणी शिकवावं, असं मला मुळीच वाटत नव्हतं. भद्रावतीच्या फॅक्टरी कॉलनीत वाढलेली मी. शाळेत निबंध माझाच वाचून दाखवायचे. पुढे रोज एसटीने चंद्रपूरला जाऊन बी.कॉम. केलं, टायपिंगच्या परीक्षा दिल्या, आणि व्यापारी पत्रव्यवहाराच्या पेपरात वर्गात सगळ्यात जास्त मार्क मिळवले. ‘आपल्या कृपापत्राच्या अनुषंगाने सविनय कळविण्यात येते की’ हे मला झोपेतून उठवून विचारलं असतं तरी म्हणता आलं असतं. वडील कॉलनीत ज्याला त्याला सांगायचे, ‘पोरीचं ड्राफ्टिंग एकदम पक्कं आहे.’

संस्था लहानशी होती. भामरागडकडच्या जंगलातल्या दहा-बारा गावांत बायांचे गट होते. ते मध, चारोळी, हिरडा, चिंच, डिंक गोळा करायचे, आणि संस्था तो माल नागपूरच्या दुकानदारांना पाठवायची. ऑफिस म्हणजे बाजाराच्या मैदानामागे टिनाच्या छपराच्या दोन खोल्या. मागच्या खोलीत माल, पुढच्या खोलीत आम्ही. चिंच आणि मध यांचा मिळून एक आंबटगोड वास तिथे कायम भरलेला असायचा. पहिले आठ दिवस त्याने माझं डोकं दुखलं. आता कुणाच्या घरी चिंचेची बरणी उघडली, तर मी उगाचच जरा वेळ तिथे रेंगाळते.

संस्थेचे सचिव जंगल खात्यातून बाबू म्हणून निवृत्त झालेले गृहस्थ होते. सगळे त्यांना भाऊ म्हणत, मीही म्हणू लागले. सडपातळ, जाड भिंगांचा चष्मा, खिशात पेन नाही, कानावर पेन्सिल. सायकलने यायचे आणि आल्यावर आधी सगळ्या खिडक्या उघडायचे.

पहिल्याच दिवशी त्यांनी मला गटांना पाठवायचं पत्र लिहायला सांगितलं. विषय साधा होता. ओला हिरडा घेणार नाही, वाळवून आणा. मी अर्धा तास बसून मन लावून लिहिलं: ‘उपरोक्त विषयान्वये सर्व संबंधित गटांना सूचित करण्यात येते की, हिरडा पूर्णतः शुष्क अवस्थेत नसल्यास त्याची स्वीकृती करणे संस्थेस शक्य होणार नसल्याने योग्य ती दक्षता घेण्यात यावी.’

भाऊंनी वाचलं. ‘चांगलं आहे,’ म्हणाले, आणि बाहेर जीप धुणाऱ्या ड्रायव्हरला हाक मारली. तो ओले हात पुसत दारात उभा राहिला. भाऊंनी त्याला माझं पत्र सावकाश, एकेक शब्द सोडवत वाचून दाखवलं.

ड्रायव्हर थोडा वेळ माझ्याकडे, थोडा वेळ भाऊंकडे पाहत राहिला. मग म्हणाला, ‘म्हणजे? हिरडा आणाचा का नाई आणाचा?’

भाऊ हसले नाहीत. माझे कान मात्र तापले. ड्रायव्हर गेल्यावर ते म्हणाले, ‘बाई, हा दहावी शिकला आहे. तिकडच्या बाईले काय समजंल?’

मी पत्राची घडी घातली. तेव्हा त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला आणि त्यांची स्वतःची गोष्ट सांगितली. ‘मी जंगल खात्यात बाबू होतो. जिंदगीभर असंच लिहिलं. माणूस माही नोटीस घेऊन पायी पायी याचा अन् मलेच म्हणाचा, साहेब, यात काय लिहिलं आहे ते वाचून दाखवा. मीच लिहाचं अन् मीच समजावून सांगाचं. आधी मजा वाटे, आपल्याशिवाय याचं काम होत नाई म्हणून. मंग एक दिवस एक म्हातारा आला. नोटीसची तारीख निघून गेल्यावर आला. त्याले वाटलं होतं, सरकारी कागद आहे म्हणजे काही तरी मंजूर झालं असंल. घरातल्या देवापाशी ठेवला होता त्यानं तो कागद.’ एवढं बोलून त्यांनी चष्मा पुन्हा लावला आणि माझ्यापुढे कोरा कागद सरकवला.

त्या दिवशी मी लिहिलेलं दुसरं पत्र होतं: ‘हिरडा चांगला वाळवून आणा. ओला हिरडा संस्था घेणार नाही.’ मला ते फार उघडंवाघडं वाटलं. या दोन ओळींसाठी मी बी.कॉम. केलं का, असंही मनात आलं.

पुढचं वर्षभर मी त्यांच्या हाताखाली शिकले. शिकवणं असं ते काही करायचे नाहीत. मी लिहायला बसले की समोर येऊन विचारायचे, ‘कोणाले लिहून राह्यली?’ मी सांगायची. मग पुढचा प्रश्न, ‘अन् त्यानं हे वाचून काय कराचं?’ याचं उत्तर मला चटकन देता आलं नाही, तर म्हणायचे, ‘मंग आताच लिहू नको. चहा घे आधी.’ चहा व्हायचा, आणि बहुतेक वेळा त्या चहातच पत्र मनात नीट लागायचं. जुनी पाकिटं उलगडून त्यांच्या आतल्या कोऱ्या बाजूवर आधी कच्चं लिहायची त्यांची सवय मलाही लागली. माझ्या कच्च्या मजकुरावर त्यांची पेन्सिल फिरायची. ‘अनुषंगाने’ या शब्दाभोवती गोल करून विचारायचे, ‘हा गृहस्थ इथी काय करून राह्यला?’ मला हसू यायचं. तो गृहस्थ मग हळूहळू येईनासा झाला.

याच सुमारास गटांना मोबाईल मिळाले. गावात एक, साधे, बटणांचे. पण गावांत टॉवर पोचत नव्हता. कुठे टेकडीवर चढावं लागे, कुठे नदीकाठच्या एका ठराविक दगडावर उभं राहावं लागे. दोन-तीन दिवसांतून कोणी तरी वर जाई, फोन हातात धरून थांबे, आणि साचलेले मेसेज एकदम येऊन पडत. हे सगळं मला माहीत होतं. त्या गावांची नावं आणि टेकड्या मला पाठ होत्या. तरीही मी ते केलं.

चारोळीचे दिवस होते, मे महिन्याचं कडक ऊन. नागपूरचा दुकानदार मालाची वाट पाहत होता. भाऊ एका बैठकीसाठी गडचिरोलीला गेले होते, त्यामुळे दाखवायला कोणी नव्हतं. सोमवारी मी एका गटाला मेसेज पाठवला: ‘चारोळी घ्यायला गाडी परवा सकाळी रोडवरच्या नाक्यावर येईल. सर्वांनी माल घेऊन वेळेवर हजर राहावे.’ किती आटोपशीर लिहिलं, म्हणून मी स्वतःवरच खूश होते. एकही अनुषंगाने नाही.

बुधवारी जीप रिकामी परत आली. ‘कोणीच नोहतं,’ ड्रायव्हर म्हणाला. ‘तासभर थांबलो. कुत्रं पण नाई फिरकलं.’

मला राग आला. दुकानदाराला काय सांगायचं, या काळजीचाही तो राग असेल. मी लगेच दुसरा मेसेज लिहिला: ‘सूचना देऊनही आपला गट हजर राहिला नाही. संस्थेची गाडी रिकामी परत आली. असे पुन्हा होऊ नये.’ बटण दाबलं तेव्हा मला बरं वाटलं होतं. ते बरं वाटणं मला अजून आठवतं.

पुढच्या बाजाराच्या दिवशी दुपारी एक बाई ऑफिसात आली. त्या गटाचा फोन तिच्याकडे असायचा, कारण गावातल्या बायांमध्ये वाचता येणारी ती एकटी होती. आश्रमशाळेत दहावी झालेली, माझ्याच वयाची. गटाच्या म्हाताऱ्या अध्यक्ष बाईंची ती सून. पहाटे निघून, पायी रस्त्यापर्यंत आणि पुढे बसने ती आली होती. मी पाणी दिलं. तिने ते पिऊन पदराने तोंड पुसलं आणि फोन माझ्या टेबलावर ठेवला.

‘बाई, तुमी परवा लिहिलं ना,’ ती म्हणाली. ‘आमी परवाच गेलो.’

मला आधी काहीच कळेना. मग तिने बोटाने दाखवलं. माझा मेसेज सोमवारी निघाला होता. ती टेकडीवर चढली बुधवारी, दुपारी. तिच्या फोनवर तो तेव्हा पडला, आणि तिने तो तेव्हा वाचला. बुधवारचा परवा म्हणजे शुक्रवार.

शुक्रवारी पहाटे त्या अकराजणी डोक्यावर चारोळीच्या टोपल्या घेऊन निघाल्या होत्या. मधे एक नाला, मग चढ, मग सागाच्या रानातली पायवाट. उन्हं वर यायच्या आत नाक्यावर पोचल्या. तिथे एक मोहाचं झाड आहे, त्याच्या सावलीत बसल्या. सावली सरकत गेली तशा त्याही सरकत गेल्या. गाडी आली नाही. दुपारी मीठ घेऊन फिरणारा एक व्यापारी आला, तो मिठाच्या बदल्यात चारोळी मागू लागला. बाकीच्यांनी नाही म्हटलं. पण दोघींच्या अंगात आता ओझं परत नेण्याचं बळ नव्हतं. त्यांनी दिली. उरलेल्या नऊ जणींनी दिवस मावळता मावळता टोपल्या पुन्हा डोक्यावर घेतल्या.

हे सगळं तिने आवाज न चढवता सांगितलं. मी विचारलं, ‘आणि माझा दुसरा मेसेज?’

ती फोनकडे बघत म्हणाली, ‘तो शनिवारी आला. मी नाई वाचून दाखवला. सासूनं विचारलं, काय लिहिलं आहे? मी म्हटलं, कंपनीचा आहे, रिचार्जचा.’

भाऊ बाजूच्या टेबलावर बसून ऐकत होते. त्यांनी तिचा फोन उचलून दोन्ही मेसेज वाचले आणि फोन माझ्या हातात दिला. माझेच शब्द मी तिच्या फोनवर, तिच्या समोर बसून वाचले. ‘असे पुन्हा होऊ नये’ ही ओळ वाचताना डोळे भरून आले.

ती गेल्यावर मी पाकीट उलगडलं आणि माफीचं पत्र लिहायला घेतलं. भाऊंनी माझ्या हातातून पाकीट काढून घेतलं.

‘हे लिहाचं नाई,’ ते म्हणाले. ‘हे जाऊन सांगाचं.’

दुसऱ्या दिवशी जीपने आम्ही दोघं नाक्यापर्यंत गेलो आणि पुढे ज्या वाटेने त्या बाया आल्या होत्या त्याच वाटेने चालत निघालो. माझ्या हातात फक्त पाण्याची बाटली होती. सागाच्या रानातच मला दम लागला. उतारावर दोनदा बसावं लागलं. भाऊ पुढे जाऊन थांबायचे, मी पोचले की परत चालू लागायचे. डोक्यावर टोपली घेऊन ही वाट चालायची, दिवसभर बसायचं आणि तीच टोपली घेऊन परत यायचं, हे मी चालता चालता समजून घेत होते.

म्हाताऱ्या अध्यक्ष बाई अंगणात दगडी जात्यावर चारोळीच्या बिया भरडत होत्या. त्यांना मराठी समजायचं थोडं, बोलायच्या त्या माडिया. सुनेने आम्हाला खाट टाकून दिली, पानांच्या द्रोणात जावा आणली. जावा म्हणजे तांदळाची पातळ पेज, तिकडे उन्हातून आलेल्याला आधी तीच देतात. हळूहळू बाकीच्या बायाही येऊन बसल्या. मिठावर चारोळी दिलेल्या त्या दोघीही होत्या.

मी उभी राहिले आणि सांगितलं. चूक माझी होती. परवा असं मी लिहायला नको होतं, वार लिहायला हवा होता. सून एकेक वाक्य माडियात सांगत होती. मग मी म्हटलं, ‘त्यानंतर मी आणखी एक मेसेज पाठवला. त्यात तुम्हालाच रागावले होते.’

इथे सून थांबली. तिने माझ्याकडे पाहिलं. सांगू नका, असं तिचे डोळे म्हणत होते. मी म्हटलं, ‘सांग.’

तिने सांगितलं. म्हाताऱ्या बाईंनी जातं थांबवलं आणि सुनेकडे बघून एक वाक्य बोलल्या. सगळ्या बाया हसल्या, सून लाजली.

‘काय म्हणाल्या?’ मी विचारलं.

‘म्हणते, मले माहीतच होतं. रिचार्जच्या मेसेजनं कोणी रडत नाई.’

मग मात्र म्हाताऱ्या बाई माझ्याकडे वळल्या. त्यांच्या बोलण्यात राग नव्हता. एखादं काम नीट समजावून घ्यावं तशा त्या बोलल्या, आणि सून सांगत गेली. ‘गाडी येणार, ते तू लिहिलं. गाडी नाही आली तर आमी काय कराचं, ते कुठी लिहिलं? किती वेळ थांबाचं, ते कुठी लिहिलं? आमी दिवस बुडेपर्यंत बसलो, कारण घरी जा असं कोणी सांगितलं नोहतं.’

मी आजवर पत्रव्यवहाराची जी पुस्तकं वाचली होती त्यातल्या एकातही हे नव्हतं. समोरच्याने काय करायचं, हे भाऊंनी मला शिकवलं होतं. आपलं बोलणं फसलं तर त्याने काय करायचं, हे त्या अंगणात बसून मला पहिल्यांदा कोणी विचारत होतं. भाऊंनी कानावरची पेन्सिल काढली आणि माझ्या हातात दिली.

गाडीचा पुढचा मेसेज आम्ही सगळ्यांनी मिळून लिहिला. मी मराठीत सांगायची, सून माडियात सांगायची, कोपऱ्यातली एखादी बाई ते ऐकून आपल्या शब्दांत परत म्हणायची आणि सून ते पुन्हा मराठीत मला ऐकवायची. ज्या शब्दांना ही फेरी पुरी करता आली नाही ते आम्ही सोडून दिले. ‘वेळेवर’ पहिल्याच फेरीत गळून पडला, कारण तिथे एकीच्याही हातात घड्याळ नव्हतं. त्याऐवजी ‘ऊन डोक्यावर यायच्या आत’ आलं. ‘हजर राहावे’चं ‘या’ झालं. परवाच्या जागी वार आला, आणि नुसता वार गोंधळात टाकेल म्हणून त्यांच्या जवळच्या बाजाराच्या आधी की नंतर, तेही आलं. ऊन कलेपर्यंत गाडी आली नाही तर माल नाक्याजवळच्या गावात अंगणवाडीत ठेवा आणि घरी जा, गाडी दुसऱ्या दिवशी तिथून उचलेल, अशी ओळ घातली. शेवटची ओळ सुनेने सुचवली: ‘हे वाचलं की मिस कॉल द्या. मिस कॉल आला तरच गाडी निघेल.’

मेसेज लांबला. माझ्या आधीच्या मेसेजच्या तिप्पट झाला. आटोपशीरपणाचा माझा अभिमान तिथेच अंगणात सांडला. परतताना चढावर भाऊ म्हणाले, ‘छोटं लिहाचं म्हणजे कमी लिहाचं नाई बाई. मलेही आजच समजलं.’

त्यानंतर गाडी कधी चुकली नाही असं मी म्हणणार नाही, पण त्या कारणाने पुन्हा कोणी नाक्यावर बसून राहिलं नाही.

थंडीत एक वेगळंच संकट आलं. नागपूरच्या दुकानदाराचा मेसेज आला, सोबत फोटो: ‘तुमच्या मधात साखर आहे. सगळ्या बाटल्या तळापासून जमल्या. माल परत न्या.’ माझं डोकं फिरलं. पोळं काढायला माणसं कुठल्या उंचीवर चढतात, माशांचे डंख किती खातात, आमच्या बाया मध कसा गाळतात, सगळं लिहून मी चार पानं भरली. आमच्या प्रामाणिकपणावर शंका घेण्याचा तुम्हाला अधिकार नाही, असंही ठणकावून लिहिलं.

भाऊंनी चारही पानं शांतपणे वाचली. ‘एकेक अक्षर खरं आहे,’ ते म्हणाले. ‘पण तो माणूस दुकानात उभा आहे. त्याच्या पुढे गिऱ्हाईक उभं आहे, जमलेली बाटली हातात घेऊन. हे चार पानं वाचून त्यानं त्या गिऱ्हाईकाले काय सांगाचं?’

मी चहा घेतला. मग लिहिलं: ‘बाटली गरम पाण्याच्या भांड्यात ठेवा. पाणी उकळतं नको, हात घालता येईल इतकंच गरम. थोड्या वेळाने मध पातळ होईल. रानातला मध थंडीत असा जमतो. जमणं म्हणजे साखर मिसळणं नव्हे. एवढं करूनही शंका राहिली तर बाटल्या एसटीने परत पाठवा, आम्ही ठेवून घेऊ.’

दुसऱ्या दिवशी त्याचं उत्तर आलं. एकच शब्द: ‘जमलं.’

आम्ही दोघं त्या शब्दाकडे बघत राहिलो. जमलं म्हणजे काम झालं, की मध पुन्हा जमला? मी म्हणत होते झालं, भाऊ म्हणत होते गेलं. शेवटी मी फोनच लावला. दुकानदार पलीकडून हसत म्हणाला, ‘अहो, विरघळला म्हणून सांगतोय मी! गिऱ्हाईकांना दाखवायला तुमचा मेसेज कागदावर उतरवून काउंटरवर चिकटवलाय.’ फोन ठेवला तर भाऊ पोट धरून हसत होते. त्यांना एवढं हसताना मी त्याआधी पाहिलं नव्हतं. ‘यालेही आपल्या इथी पाठवा म्हणावं शिकाले,’ ते पुन्हा पुन्हा म्हणत होते.

मी अहेरीत पुष्कळ वर्षं काढली. तिथेच लग्न झालं. या काळात ऑफिसात कॉम्प्युटर आला, छपराखाली पंखा आला, भाऊंची सायकल गेली आणि ते चालत येऊ लागले. नजर कमी झाली तेव्हा मी पत्रं त्यांना वाचून दाखवायची. ऐकताना ते डोळे मिटायचे, आणि एखादा शब्द खटकला की पेन्सिल धरल्यासारखं बोट हवेत गोल फिरायचं. लिहिता लिहिता आजही कधी मला ते बोट दिसतं.

एका हिवाळ्यात त्यांची तब्येत बिघडली. मुलाने त्यांना चंद्रपूरला नेलं. तिथल्या दवाखान्यात ते आठ-दहा दिवस होते. एका सोमवारी सकाळी ते वारले, आणि मला त्यांच्या मुलाचा फोन आला मंगळवारी, अंत्यविधी उरकल्यावर.

गावांना कळवायला हवं होतं. मी ऑफिसात एकटीच होते. पाकीट उलगडलं आणि लिहिलं, ‘आपले भाऊ गेले.’ आणि हात थांबला. गेले म्हणजे कुठे गेले? ते चंद्रपूरला गेलेत हे तर सगळ्यांना आधीच माहीत होतं. टेकडीवर उभं राहून हे वाचणारी बाई खाली जाऊन काय सांगेल? मी ते खोडलं. ‘निधन झाले’ लिहिलं, तेही खोडलं. ‘वारले’ हा शब्द लिहायला मला किती वेळ लागला ते सांगता येत नाही. मी त्यांचं जाणं एवढ्या सरळ शब्दात अजून स्वतःलाही सांगितलं नव्हतं.

शेवटी लिहिलं ते असं: ‘आपले सचिव भाऊ वारले. सोमवारी सकाळी, चंद्रपूरला, आजारानं. अंत्यविधी झाला आहे. आता कोणी निघू नका. शनिवारी, अहेरीच्या बाजाराच्या दिवशी, आपण सगळे ऑफिसात बसू. ज्यांना जमेल त्यांनी या. नाही जमलं तरी चालेल.’ मिस कॉल द्या, असं मी त्यात लिहिलं नाही.

तरी ते आले. पहिला त्याच दिवशी दुपारी. फोन एकदा वाजला आणि बंद झाला. मग दुसऱ्या दिवशी सकाळी दोन. जसजशी एकेका गावातली बाई आपापल्या टेकडीवर, आपापल्या दगडावर पोचत होती, तसतसा टेबलावरचा फोन एकदा वाजत होता आणि थांबत होता. तीन दिवस असं चाललं. मी तो उचलत नव्हते. प्रत्येक वेळी वाजला की गावाचं नाव बघून पाकिटावर लिहून ठेवत होते, आणि तिसऱ्या दिवशी दुपारी सगळी गावं पुरी झाली तेव्हा टेबलावर डोकं ठेवून रडले.

बाजाराच्या दिवशी ऑफिसात पाय ठेवायला जागा नव्हती. मैदानातसुद्धा बाया बसल्या होत्या. कोणी भाषण केलं नाही. ती सून, जी आता सासूच्या जागी गटाची अध्यक्ष होती, आल्या आल्या आत गेली आणि तिने सगळ्या खिडक्या उघडल्या.

दोन वर्षांनी नवऱ्याची बदली चंद्रपूरला झाली आणि मी अहेरी सोडली. माझ्या खुर्चीवर तीच सून बसली. आधी तिला भीती वाटत होती. ‘मले तुमच्यासारखं लिहिता येत नाई,’ म्हणत होती. मी म्हटलं, ‘तू लिहिलेलं कोणाला दोनदा वाचावं लागत नाही. मला ते यायला वर्षं लागली.’

आता त्या भागात बऱ्याच ठिकाणी टॉवर पोचला आहे. टेकडीवर चढायचं कारण उरलं नाही. गटांचे फोनही मोठे झाले, आणि ती आता फारसं लिहीत नाही. माडियात बोलते आणि आवाजच पाठवते. त्यांच्या ग्रुपमध्ये तिने मलाही घेतलं आहे. इथे चंद्रपुरात दुपारी स्वयंपाकघरात भांडी आवरता आवरता फोन वाजतो आणि तिचा आवाज येतो. वार, जागा, माल कोणता, गाडी नाही आली तर काय, एवढं मला अजून समजतं, बाकीचं निसटतं. पण मी ते शेवटपर्यंत ऐकते. तिच्या आवाजामागे कोंबडा आरवत असतो, कोणी तरी जातं फिरवत असतं, आणि बोलता बोलता ती मधेच कोणाला तरी काही म्हणते आणि तिथल्या सगळ्या बाया हसतात. कशाला हसल्या ते मला कळत नाही. मी पुन्हा लावून ऐकते.